अर्धवट काम घेऊन परिषदेला जावं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कोल्हापुरात पीएच.डी. करणाऱ्या एका मुलीनं लिहिलंय. ती चौथ्या वर्षाला आहे. बरेच आठवडे ताणाखाली ठेवलेल्या रॅटच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस या आठवणींशी निगडित भागात, इनहिबिटरी न्यूरॉन म्हणजे इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशी कमी होतात का, हे ती तपासते. याच विषयावर युरोपात एक परिषद आहे आणि तिच्या आधी दोन दिवस फक्त विद्यार्थी आणि पोस्टडॉक (पीएच.डी. झाल्यावर संशोधन करणारे) यांची छोटी बैठक. तिथं तिचं पोस्टर निवडलं गेलंय, शिवाय दहा मिनिटं बोलायलाही सांगितलंय. पण पेशी कमी होतील असं वाटलं होतं, तशा त्या झालेल्या दिसत नाहीत. गाइड म्हणतात, "रिझल्ट येऊ दे, मग जा. रिकाम्या हातानं जाऊन हसं करून घेऊ नको." वडील शेतकरी आहेत, ऊसबिलातनं पैसे देतो म्हणतात, ते घ्यायला तिचं मन होत नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम. "तिथं मोठमोठ्या लॅबची मुलं असणार. मी मुळातच गप्प. माझ्या मेंदूतच इनहिबिशन, म्हणजे हा आवर, जास्त असावा. ताई, नकार कळवून टाकू का? आणि जायचं ठरलंच तर तयारी काय करू?"

नकार कळवू नकोस. निदान या आठवड्यात तरी नको. कारण सांगते, पण आधी तुझ्या विनोदाचा समाचार घेऊ दे.

"माझ्या मेंदूतच इनहिबिशन जास्त" असं या विषयात पीएच.डी. करणारीनं लिहावं म्हणजे कमाल झाली! डायझेपामची गोळी काय करते? गाबा हे आवर घालणारं रसायन पेशीवरच्या ज्या रिसेप्टरवर, म्हणजे संदेश झेलणाऱ्या प्रथिनावर, काम करतं त्याच रिसेप्टरला ती जोर देते. क्लोराइड आयन जास्त आत शिरतात, पेशी आवरल्या जातात. आणि गोळी घेणाऱ्या माणसाचं काय होतं? त्याची भीती कमी होते. दारूचा काही परिणामही याच वाटेनं होतो, आणि एरवी मान खाली घालून बसणारा पाहुणा दोन पेगनंतर वरातीत सगळ्यांच्या पुढं कसा नाचतो हे आपण बघतच आलोय. म्हणजे तुझा हिशोब लावायचाच झाला तर तो उलटा लागतो. (भाषणाआधी या दोन्हींतलं काही घ्यायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.) तुझं गप्प राहणं ही सवय आहे. तिच्यावर काय करायचं ते पुढं बोलू.

आता मुद्द्याचं. "रिझल्ट आलेला नाही" असं सर म्हणतात आणि तूही तेच धरून चालली आहेस. मला तुझ्या पत्रातली सगळ्यात जास्त आवडलेली ओळ तू कंसात टाकली होतीस. कुठली स्लाइड कुठल्या गटातली हे तुला कळू नये म्हणून तू मैत्रिणीकडून लेबलांवर पांढरी चिकटपट्टी लावून घेतलीस, तिच्यावर नुसते आकडे टाकून घेतलेस, आणि शेवटच्या सेक्शनची, म्हणजे मेंदूच्या पातळ कापाची, मोजणी वहीत चढल्यावरच पट्ट्या सोलल्यास. मायक्रोस्कोपला डोळा लावून पिरॅमिडल थरातले (हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या दाट थरातले) ते तपकिरी ठिपके, म्हणजे रंगलेल्या पेशी, एकेक मोजायचे, हा ताणाखालचा रॅट की साधा हे ठाऊक नसताना. ज्यांना हवा तो आकडा काढायचा असतो ते ही उठाठेव करत नाहीत. तू केलीस, आणि उत्तर मनासारखं आलं नाही तेव्हा ते तसंच लिहून ठेवलंस. याला रिकामे हात म्हणत नाहीत.

मात्र एक कटू गोष्टही ऐकून घे. प्रत्येक गटात 6 रॅट, असं तू लिहिलंयस. एवढ्यावरून "पेशी कमी होत नाहीत" असं ठामपणे म्हणता येत नाही. मोठी घट असती तर बहुधा दिसली असती, छोटी असेल तर ती या आकड्यांत लपून राहू शकते, इतकंच म्हणता येतं. पोस्टरवर नुसतं "फरक नाही" लिहून मोकळी होऊ नकोस. फरक किती ते किती असू शकतो, तो पल्ला दाखव. आलेखावर प्रत्येक रॅटचा ठिपका वेगळा दाखव, नुसते दोन खांब उभे करू नकोस. कुणी जाणकार समोर आला तर पहिलं बोट इथंच ठेवणार आहे, तेव्हा आपणच आधी सांगितलेलं बरं.

आणि दुसरं. काही इनहिबिटरी पेशींत पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, तू त्याचा रंग लावून पेशी मोजतेस. पेशी जिवंत आहे पण तिच्यातलं ते प्रथिन घटलंय, तर ती मोजणीतून निसटते. उलट, मोजणीत आली म्हणजे तिचं काम पूर्वीसारखंच चालू आहे असंही नाही. ताणाखाली या पेशी कमी होतात असं काही अभ्यासांत दिसलंय, काहींत दिसलेलं नाही. तेव्हा तुझ्या आकड्यांतनं निघणारा खरा प्रश्न "पेशी आहेत, पण त्या आवर घालतात का?" हा आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये आवर घालणाऱ्या सगळ्या प्रकारच्या पेशी मिळून एकूण न्यूरॉनच्या जेमतेम 10-15 टक्के, पण बाकीच्यांनी कधी बोलायचं हे त्या ठरवतात. फडावरची हलगी नुसत्या थापांवर चालत नाही, दोन थापांमधली जागा चुकली की पैलवानाचंसुद्धा पाऊल चुकतं. या पेशी त्या जागा सांभाळतात. संख्या जागच्या जागी आणि ताल बिघडलेला, असं होऊ शकतं की नाही?

तू म्हणशील, हे तपासायला पॅच-क्लॅम्प, म्हणजे एकेका पेशीतला विजेचा प्रवाह मोजायचं तंत्र, लागतं, ते आमच्याकडं कुठलं! बरोबर. म्हणूनच तर जायचं. त्या दोन दिवसांत त्या इमारतीत पॅच-क्लॅम्प करणारी पोरं ढिगानं असतील, आणि त्यातल्या कित्येकांकडं तुझ्यासारखी शांतपणे केलेली मोजणी नसेल. पोस्टरसमोर कुणी थांबलं की त्याला हाच प्रश्न विचार. उत्तर सापडलेलं नसतानाच हा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे. थिसिस बांधून झाल्यावर गेलीस तर लोक छान छान म्हणतील आणि चहाला जातील.

अपेक्षेच्या उलट आलेल्या उत्तराची या विषयातली सगळ्यात मोठी गोष्ट तुला ठाऊक असेलच, तरी सांगते, कारण ती सरांनाही सांगता येईल. जॉन एकल्स हे ऑस्ट्रेलियन मेंदूवैज्ञानिक बरीच वर्षं ठासून सांगायचे की एक चेतापेशी दुसरीला आवरते ते विजेच्या थेट परिणामानं, रसायनाबिसायनाची गरज नाही. त्यावरून त्यांची समकालीनांशी जोरदार भांडणं झाली. 1951 मध्ये त्यांनी मांजराच्या मज्जारज्जूतल्या पेशीच्या आत अतिबारीक काचेचं इलेक्ट्रोड घालून मोजलं. त्यांच्या सिद्धांताप्रमाणे जे दिसायला हवं होतं त्याच्या उलट दिसलं, पेशीच्या आतला व्होल्टेज आणखी ऋण झाला. एकल्स यांनी आपला सिद्धांत सोडला आणि ते रसायनवाल्यांच्या बाजूला गेले. 1963 चं नोबेल त्यांना हॉजकिन आणि हक्सली यांच्याबरोबर मिळालं. आणि हा प्रयोग कुठं झाला? न्यूझीलंडच्या दक्षिण भागातल्या ड्युनेडिन गावात. लंडन नाही, बोस्टन नाही. ड्युनेडिनच्या मानानं आपण मुंबईला खेटून आहोत, रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी तिथं.

गाबाचीही तीच तऱ्हा. 1950 साली ते मेंदूत सापडलं. ते तिथं करतं काय, यावर पुढं बरीच वर्षं एकमत नव्हतं. 1959 मध्ये कॅलिफोर्नियात दुआर्ते इथं केवळ या विषयावर परिषद भरली, तेव्हाही गाबा हेच ते आवर घालणारं रसायन आहे का, यावर जाणत्यांत वाद होते. खात्री पटत गेली ती 1966-67 च्या सुमारास. म्हणजे त्या परिषदेला गेलेला जवळजवळ प्रत्येक जण अर्धवट काम घेऊनच गेला होता.

तुझी बैठक तर मुद्दाम तशीच आखलेली असते. गॉर्डन रिसर्च कॉन्फरन्सेस, म्हणजे एकेका विषयावर छोट्या परिषदा भरवणारी संस्था, हे नाव तू ऐकलं असशील. चेतासंस्थेतल्या इनहिबिशनवरही त्यांची परिषद होते. त्यांच्याकडं मुख्य परिषदेच्या आधीच्या शनिवार-रविवारी तरुणांचं सेमिनार असतं, ते विद्यार्थी आणि पोस्टडॉकच चालवतात. प्रसिद्ध न झालेलं काम आणा असा तिथं आग्रह असतो, आणि म्हणूनच पोस्टरचे, स्लाइडचे फोटो काढायला बंदी असते; ऐकलेलं बाहेर छापायचं नाही असा नियम असतो. तुझ्या बैठकीचा नियम काय आहे तो आयोजकांना मेल करून विचार आणि उत्तर सरांना दाखव. कारण मला वाटतं, सरांच्या "हसं होईल" या वाक्याच्या पोटात दुसरीच धास्ती असावी.

सरांविषयी जरा सविस्तर बोलते. गाइड नाही म्हणतात तेव्हा आपण ते "तुझं काम वाईट आहे" असं ऐकतो. प्रत्यक्षात नाही म्हणण्यामागं चार-पाच गोष्टी असू शकतात. आपला डेटा दुसरं कुणी आधी छापेल ही भीती. विद्यापीठाकडं पैसे मागावे लागतील हा वैताग. तू तिथं अडखळलीस तर नाव लॅबचं जाईल ही काळजी. किंवा ते स्वतः अशा बैठकीला कधी गेलेले नसतील, आणि हे विद्यार्थ्यासमोर बोलून दाखवणं आपल्याकडच्या सरांना जमत नाही. यातलं नेमकं काय आहे हे तुला माहीत नाही, कारण तू विचारलेलंच नाहीस. "बरं सर" म्हणून बाहेर आलीस. हो ना?

तेव्हा पुन्हा जा. लॅबमध्ये चार जणांसमोर नको, दुपारनंतर त्यांच्या केबिनमध्ये. हातात एकच कागद असू दे: पोस्टरवर काय दाखवणार, काय दाखवणार नाही, लोकांना कुठला प्रश्न विचारणार, खर्च किती आणि तो कुठून येईल. "सर, मला जायचंय" असं म्हणू नकोस. "सर, यातलं काय दाखवलेलं तुम्हाला चालणार नाही?" असं विचार. पहिल्या वाक्याला उत्तर हो किंवा नाही एवढंच असतं. दुसऱ्याला उत्तर देताना माणूस कागदावर पेन फिरवायला लागतो, आणि एकदा सरांचं पेन फिरलं की ते पोस्टर त्यांचंही होतं. तरीही ठाम नाही म्हणाले तर? मग त्यांच्या मनाविरुद्ध डेटा घेऊन जाऊ नकोस. काम दोघांचं आहे, आणि थिसिसवर सही त्यांचीच लागणार आहे. पण कारण मात्र विचारून घे, आणि पुढच्या खेपेला काय असलं म्हणजे ते हो म्हणतील तेही.

पैशाचं. वडिलांच्या ऊसबिलाला हात लावू नकोस असं मी सांगेन, आणि यावर माझं मत पक्कं आहे. बिल कारखान्याकडून कधी येईल, त्यातनं सोसायटीचं कर्ज किती वळतं होईल, हे तुझ्या घरी तुला ठाऊक आहे. एका परिषदेसाठी ते ओढायचं नाही. त्याऐवजी आयोजकांना आजच मेल कर: नोंदणी शुल्कात सवलत आहे का, प्रवासखर्चाला मदत आहे का. असं विचारणं म्हणजे हात पसरणं, असं आपल्याकडं वाटतं. तिथं तो रोजचा व्यवहार आहे. तरुणांच्या बैठकांना बहुधा यासाठी थोडा निधी बाजूला ठेवलेला असतो आणि तो मागणाऱ्यालाच मिळतो. मग संशोधनाला पैसा देणाऱ्या आपल्या सरकारी संस्था: सीएसआयआर आणि पूर्वीचं एसईआरबी म्हणजे आताचं एएनआरएफ, या परिषदांच्या प्रवासासाठी मदत देत आल्या आहेत. मेंदूविज्ञानापुरती इब्रो ही 1961 पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तीही तरुणांना प्रवासासाठी अनुदान देते. या सगळ्यांना निवड झाल्याचं पत्र लागतं, जे तुझ्या हातात आहे, आणि अर्ज बरेच आठवडे आधी जावा लागतो. एक मेख लक्षात ठेव. पुष्कळदा पैसे आधी आपण भरायचे आणि पावत्या दिल्यावर ते परत मिळतात. विद्यापीठ आगाऊ रक्कम देईल का, हे हिशोब विभागात जाऊन विचार, फोनवर नको. बोर्डिंग पासचा कपटासुद्धा फेकू नकोस.

आणि एवढं करूनही पैसे जमले नाहीत, तर या वर्षी जाऊ नकोस. हे मी हळहळ न ठेवता सांगते. इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरोसायन्सेसचं वार्षिक अधिवेशन आपल्याच देशात असतं. पुण्यात आयसर ही विज्ञानसंस्था आहे. बेंगळुरूला आयआयएस्सी, एनसीबीएस, निम्हान्स या संशोधन संस्था आहेत. बेंगळुरू इथून एका रात्रीच्या बसवर. तिथल्या पॅच-क्लॅम्पवाल्या लॅबला तुझा हाच प्रश्न लिहून पाठव, आठवडाभर येऊन काम बघू का म्हणून विचार. विमानात बसण्यापेक्षा कदाचित त्याचा थिसिसला उपयोग जास्त होईल. सांगली-साताऱ्याकडच्या, सोलापूरकडच्या ज्या मुलामुलींना परदेशाचं निमंत्रण आलेलंच नाही, त्यांनीही हा परिच्छेद आपल्यासाठीच आहे असं धरावं, विषय कुठलाही असो.

आता बोलण्याचं. दहा मिनिटांत साधारण बाराशे शब्द मावतात, तू आठशेच लिही. इंग्रजी साधं ठेव, वाक्यं आखूड ठेव. त्या खोलीत जर्मन, जपानी, ब्राझिलियन मुलं असतील, त्यांचंही इंग्रजी शिकलेलंच असणार. पहिली दोन वाक्यं मात्र झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील इतकी पाठ कर, कारण आवाज फुटेपर्यंतच अवघड असतं. सुरुवातीला एक सुचवू? आपल्या कोकणातल्या आणि घाटातल्या जंगलात काजऱ्याची झाडं आहेत. त्याच्या बियांत स्ट्रिक्निन असतं. ते मज्जारज्जूतल्या ग्लायसीनच्या, म्हणजे आवर घालणाऱ्या दुसऱ्या एका रसायनाच्या, रिसेप्टरला अडवतं, आवर सुटतो आणि सगळे स्नायू एकाच वेळी ताठरतात, माणूस कमानीसारखा वाकतो. आवर घालणाऱ्या पेशी कशासाठी असतात, हे याहून चटकन कळत नाही. तुझं काम गाबाचं आहे, ग्लायसीनचं नाही, हे पुढच्याच वाक्यात सांगून टाक, नाहीतर कुणीतरी तेवढंच धरून बसेल. वडिलांनाही तुझा विषय याच झाडावरून समजावून सांगता येईल. त्यांनी काजरा बघितला असेल.

तालीम आधी लॅबमध्ये कर. मग एम.एस्सी.च्या मुलांसमोर कर आणि त्यांना अडवून प्रश्न विचारायला सांग. प्रश्न कळला नाही तर "पुन्हा सांगाल का" म्हणायचं, उत्तर येत नसेल तर "हे आम्ही मोजलेलं नाही" म्हणून थांबायचं. या दोन वाक्यांवर अख्खा व्हायवा पार पडलेला मी माझ्या नोकरीत बघितलाय. आणि गप्प माणसानं शंभर लोकांशी ओळख करून घ्यायच्या फंदात पडू नये. कार्यक्रमपत्रिका आली की तीन नावं निवड, ज्यांच्याकडं तुला हवं असलेलं तंत्र आहे अशी. त्यांना जाण्याआधीच चार ओळींचं मेल टाक: मी अमुक मोजलंय, माझं पोस्टर तमुक दिवशी आहे, पाच मिनिटं याल का. मग समोरासमोर पहिलं वाक्य तुला शोधावं लागणार नाही.

पासपोर्ट नसेल तर बाकी सगळ्याच्या आधी तो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. बोटांचे ठसे द्यायला मुंबई-पुण्याची एक खेप धर. पोस्टर इथंच छापून ने. वाढदिवसाचे फ्लेक्स रातोरात छापून देणाऱ्यांची कोल्हापुरात काय वानवा! फक्त फ्लेक्स नको, कापडावर छापायला सांग, म्हणजे घडी करून हातातल्या बॅगेत मावेल. आणि छापायच्या आधी आयोजकांचा बोर्ड उभा आहे की आडवा ते बघून घे. पोस्टरचा ए-झिरो आकार म्हणजे 84.1 बाय 118.9 सेंटिमीटर, दुकानदार फुटात विचारेल, तू सेंटिमीटरमध्येच लिहून दे.